‘कामात लक्ष नाही’ असं लिहिण्याआधी

पत्र, थोडक्यात : नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पत्रलेखक सुपरवायझर आहेत, वय ४२. त्यांच्या लाइनवर १४ माणसं. त्यातला एक ऑपरेटर त्यांच्याच बरोबरीचा. दोघं १७ वर्षांपूर्वी एकाच महिन्यात लागले, दोघं सिडकोत राहायचे आणि एकाच मोटरसायकलवर कामाला यायचे. सहा वर्षांपूर्वी पत्रलेखक सुपरवायझर झाले, मित्र मशीनवरच राहिला. तरी लाइनवरचा सगळ्यात भरवशाचा माणूस तोच होता. दिवाळीनंतर मात्र त्याचं काम घसरलं. नग कमी निघतात, रिजेक्शन दुपटीहून जास्त झालंय, ग्राहक कंपनीकडून एकदा डेबिट नोटही (बाद मालाचे पैसे कापल्याचा कागद) आली. पत्रलेखकांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा आठवडाभर काम सुधारलं. मग कौतुक केलं तर पुन्हा घसरलं. ‘त्याला गोड बोललेलं चालत नाही’, असं त्यांचं मत झालंय. आयटीआय करून नुकताच आलेला एक मुलगा त्याच्यापेक्षा जास्त नग काढतो, हेही त्यांना खुपतंय. शेठनी महिनाअखेरपर्यंत वॉर्निंग लेटर द्यायला सांगितलंय, त्यात ‘कामात लक्ष नाही’ असं लिहायचं ठरलंय. ‘दिलं तर मैत्री जाते, नाही दिलं तर मी मित्राला पाठीशी घालतो असं होतं. काय करू?’ पत्राच्या शेवटी ओघात आलेल्या गोष्टी : दिवाळीनंतर त्याला चाकणहून आणलेल्या, ‘चांगल्या कंडिशनमधल्या’ सेकंडहँड मशीनवर टाकलंय. नवी ऑर्डर आल्यापासून त्याला महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी असते. त्याने दोनदा उचल मागितली, शेठनी दिली नाही. वडील आजारी आहेत म्हणे, ‘पण घरी काही ना काही प्रत्येकाच्याच चालू असतं’.

नमस्कार,

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर शेवटच्या चार ओळींत आहे आणि तो तुम्ही निघताना दारात चपला घालता घालता सांगावा तसा सांगितलाय. मशीन बदललं, पाळी बदलली, पैशाची ओढाताण सुरू झाली, घरात आजारपण आलं. चारही गोष्टी दिवाळीच्या आगेमागे. घसरणही दिवाळीनंतरचीच. तुमचा निष्कर्ष मात्र पाचवाच : त्याचं मन उडालंय.

असेलही. पण १७ वर्षं टिकलेलं मन नेमकं मशीन बदललं त्याच सुमारास उडावं, हे मला पटत नाही. तुम्हालाही पुरतं पटलेलं नसावं, नाहीतर लेटर देऊन मोकळे झाला असतात, मला पत्र लिहायला बसला नसतात.

माझी उमेदीची वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात कार्मिक विभागात गेली. तिथलं रिजेक्शनचं रजिस्टर मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. तारीख, शिफ्ट, पार्ट नंबर, ऑपरेटरचं नाव, बाद नग, शेरा. शेऱ्यात बहुतेक वेळा एकच शब्द, ‘निष्काळजीपणा’. इन्सर्ट (मशीनचं धातू कापणारं, झिजणारं टोक) कधी बदलला, तो किती नग चालला, माल येईपर्यंत मशीन किती वेळ उभं होतं, फर्स्ट पीस कोणी तपासला, याला रकानाच नव्हता. आणि ज्याला रकाना असतो त्याच्याच माथी खापर फुटतं. तुमच्याकडचं रजिस्टर उद्या उघडून बघा. त्यात माणसाच्या नावाशिवाय दुसरं कारण लिहायला जागा आहे का? नसेल, तर ‘माणूसच दोषी’ हे उत्तर छापील फॉर्ममध्येच ठरून गेलंय. मग तिथे तुमचा मित्र असो की आणखी कोणी.

यात तुमचा वेगळा असा काही दोष नाही, आपण सगळेच असे वागतो. आपल्याला उशीर झाला तर गरवारे पॉइंटला ट्रॅफिक असतो, दुसऱ्याला झाला तर तो बेफिकीर असतो. आपल्या चुकीचं कारण परिस्थितीत शोधायचं आणि समोरच्याच्या चुकीचं त्याच्या स्वभावात, या खोडीवर मानसशास्त्रात भरपूर काम झालंय. त्यातल्या समोरच्याच्या स्वभावाला दोष देण्याच्या अर्ध्या भागाचं ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली रीतसर नामकरणही केलं. सुपरवायझरच्या हातात पेन असल्यामुळे त्याची ही खोडी कागदावर उतरते आणि कुणाच्या तरी फाइलला लागते, एवढाच फरक.

आता मशीनकडे येऊ, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे.

‘चांगल्या कंडिशनमधलं’ हे कोणी ठरवलं? विकणाऱ्याने? मशीन आल्यावर लेव्हल केलं का, स्पिंडलचा रनआउट, म्हणजे तो फिरताना किती डगमगतो, कोणी तपासला का, चकचे जॉ नव्याने बोअर केले का? की क्रेनने उतरवलं, वायर जोडली आणि ऑर्डर घाईची म्हणून त्याच रात्री चालू केलं? मी इंजिनिअर नाही, पण ‘उद्यापासून तू त्या मशीनवर’ एवढ्या एका वाक्यावर झालेल्या बदल्या मी खूप पाहिल्यात. नवा कंट्रोलर, नवं फिक्स्चर, कदाचित पार्टसुद्धा नवा. शिकायला किती दिवस दिले? पूर्ण टार्गेट पहिल्या दिवसापासून लावलं असेल, तर हातात काम बसण्याआधीच तो नगांच्या मागे धावायला लागला असणार. नवं, गुंतागुंतीचं काम शिकताना आकड्याचं दडपण टाकलं तर शिकणंच मागे पडतं. सरावाच्या कामात हेच दडपण उपयोगी पडतं. म्हणजे त्याच माणसाला तेच टार्गेट जुन्या मशीनवर पुढे ढकलत होतं आणि नव्या मशीनवर मागे ओढत असेल.

शिवाय एक गंमत बघा, हसू येणार नाही अशी. अवघड मशीन कोणाला द्यायचं? लाइनवरच्या सगळ्यात चांगल्या माणसाला. म्हणजे चांगलं काम केल्याचं बक्षीस म्हणून खराब मशीन पदरात पडतं, आणि महिनाअखेरीला चांगल्या मशीनवरच्या माणसाशी तुलना होते. ही गोष्ट फक्त कारखान्यात घडते असं नाही. शाळेत सगळ्यात दंगेखोर वर्ग सगळ्यात चांगल्या बाईंना देतात आणि मग निकाल कमी लागला म्हणून त्यांनाच बोलावतात. बँकेत वसुलीची सगळ्यात चिकट खाती हुशार माणसाच्या टेबलावर जातात. हे पत्र वाचणाऱ्या इतरांपैकी कोणाला ओळखीचं वाटलं, तर त्यांनीही आपल्या हाताखालच्या ‘घसरलेल्या’ माणसाला गेल्या वर्षभरात काय काय सोपवलं, ते एकदा आठवून बघावं.

आणखी एक नाशिकची खास गोष्ट. निफाडचा पारा किती उतरला, ही बातमी आपण थंडीत सकाळी चहाबरोबर वाचतो. त्याच रात्री अंबडच्या पत्र्याच्या शेडमधलं मशीनही गारठलेलं असतं. थंड मशीन चालू केलं की तापेपर्यंत साइज सरकत राहते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दिवाळी ते शिवरात्र हा तुमच्या मित्राच्या रात्रपाळीचाच काळ होता. त्याचे बाद नग शिफ्टच्या पहिल्या तासात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन पुन्हा चालू केल्यावर जास्त आहेत का? रात्रभर सारखे विखुरलेत का? की पहाटेच जास्त आहेत? या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात. पहिलं मशीनकडे, दुसरं सेटिंगकडे किंवा मालाकडे, तिसरं झोपेकडे. ‘कामात लक्ष नाही’ या एका वाक्यात तिन्ही बुडून जातात.

म्हणून पहिलं काम : तीन आठवडे साधी वही ठेवा. प्रत्येक बाद नगासमोर वेळ, मशीन, मालाचा लॉट, इन्सर्ट कितव्या नगावर होता आणि चूक कसली (बोअर, म्हणजे नगातलं भोक, मोठा झाला की लहान, की फिनिश खराब) एवढं लिहा. ही वही फक्त त्याच्यासाठी नको, सगळ्या १४ जणांसाठी हवी. एकट्यासाठी ठेवलीत तर ती चौकशी होईल आणि मग खरं कोणीच लिहिणार नाही.

दुसरं : तो आयटीआयचा मुलगा. तो कुठल्या मशीनवर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा, की तो तुमच्या मित्राच्या जुन्या मशीनवर असावा, आणि बराचसा फर्स्ट शिफ्टला. अंदाज खरा असेल तर तुम्ही दोन माणसांची तुलना करत नाही आहात. एक आठवडा दोघांची अदलाबदल करा. गाजावाजा नको, ‘बघू कोण जिंकतं’ असलं काही नको, नेहमीचं प्लॅनिंग म्हणून करा. मुलाचे आकडे त्या मशीनवर पडले, तर तुमचं उत्तर मिळालं. तुमच्या मित्राचे आकडे जुन्या मशीनवरही खालीच राहिले, तर मग माणसाकडे बघायला हरकत नाही. याला पैसा लागत नाही, आणि शेठसमोर ठेवायला यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

आता तुमच्या त्या झापण्याबद्दल. झापलं की सुधारतो, कौतुक केलं की घसरतो, हा अनुभव खोटा नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. डॅनियल कानेमन हे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ इस्रायलच्या हवाई दलात प्रशिक्षकांना शिकवत होते. तिथला एक अनुभवी प्रशिक्षक शब्दशः हेच म्हणाला होता : शिकाऊ वैमानिकाचं कौतुक केलं की पुढच्या वेळी तो बिघडवतो, ओरडलं की सुधारतो. कानेमन यांच्या लक्षात आलं ते असं. आपण ओरडतो ते काम नेहमीपेक्षा फारच वाईट झालं त्या दिवशी, आणि नेहमीपेक्षा फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा त्याहून बरा असतो, ओरडा अगर न ओरडा. कौतुक करतो ते नेहमीपेक्षा फार चांगल्या दिवशी, त्यानंतरचा दिवस साहजिकच उतरता. चढउतार आपोआप होत असतो आणि श्रेय आपल्या आवाजाला मिळतं. कितीतरी साहेब लोकांची उभी कारकीर्द या गैरसमजावर निघाली असेल.

शिवाय सगळ्यांसमोर झापण्याची किंमत वेगळी मोजावी लागते. अभिप्राय दिल्याने काम सुधारतं का, यावरच्या शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ साली एकत्र तपासले. सरासरी फायदाच दिसला, पण तिनातल्या एकाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम आणखी खालावलं होतं. बोलण्याचा रोख कामावरून माणसावर सरकला की त्याचा उपयोग कमी होतो. ‘बोअर चाळिसाव्या नगानंतर मोठा होतोय’ हे कामाबद्दल झालं. ‘तुझं लक्ष कुठंय’ हे माणसाबद्दल झालं. दुसरं वाक्य ऐकल्यावर माणूस बोअरचा विचार करत नाही, चार पोरांसमोर गेलेल्या अब्रूचा करतो. त्यात तो तुमच्याबरोबर लागलेला.

रात्रपाळीचं गणित तुम्ही केलंय का? समजा, तो सकाळी सातला सुटला, वडिलांना दवाखान्यात नेलं, नऊ-दहाला आडवा झाला आणि दुपारी एकला भाजीवाल्याच्या हाळीने जागा झाला. रात्री अकराला तो मशीनवर उभा राहतो तेव्हा त्याला जागून दहा तास झालेले असतात, पहाटे सहाला सतरा. ऑस्ट्रेलियात १९९७ साली डॉसन आणि रीड यांनी हात आणि नजर यांच्या ताळमेळाची चाचणी घेतली, तेव्हा सलग १७ तास जागलेल्या माणसाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी निघाली. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत त्याला द्वारका चौकात पोलिसांनी अडवलं असतं, त्या अवस्थेत आपण त्याच्याकडून मायक्रॉनमधलं काम मागतोय. त्यातून पहाटे तीन ते पाच हा शरीराच्या मंदपणाचा काळ, ताज्यातवान्या माणसालाही तो जड जातो.

रात्रपाळी बंद करा असं मी म्हणणार नाही, ऑर्डर ऑर्डर असते. पण सलग दोन आठवड्यांऐवजी एकेक आठवडा करता येतो का, क्रिटिकल पार्ट रात्रीच्या पूर्वार्धात लावता येतो का, पहाटे चारच्या सुमाराला दुसऱ्या कोणाकडून नग तपासून घेता येतो का, एवढं तुमच्या हातात आहे. जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठा टाकून वीस मिनिटं पडलेल्या माणसाचा फोटो काढून शेठला पाठवणारे सुपरवायझर मला माहीत आहेत. चेन्नईत डेटा एन्ट्रीच्या कामावर एक प्रयोग झाला होता. त्यात घरची रात्रीची झोप थोडी वाढवून कामात फरक पडला नाही, पण कामाच्या जागी दुपारी मिळालेल्या छोट्या डुलकीने पडला. ते काम दिवसाचं होतं, तुमचं रात्रीचं, तेव्हा जसंच्या तसं लागू होणार नाही. तरी सुट्टीत पडलेल्याला पडू द्या.

आता मला सगळ्यात जास्त ज्यावर बोलायचंय ते : डोळे.

तुम्ही ४२ वर्षांचे, तो तुमच्याच वयाचा. तुम्ही व्हर्नियर थोडा लांब धरून वाचायला लागलात का? मोबाइलवरची अक्षरं मोठी केलीत का? चाळिशी कोणालाच चुकत नाही, आणि कारखान्यात ती कोणीच कबूल करत नाही. ऑपरेटरने चष्मा लावला की ‘आता याचं वय झालं’ असं म्हणतील ही धास्ती असते. जुन्या मशीनवर तो गो-नो गो गेजवर काम करत असेल तर डोळ्यांची फारशी गरजच नव्हती, गेज बसला की नग पास. नव्या मशीनवर मायक्रोमीटर वाचून ऑफसेट (मापातला फरक मशीनला भरून देणं) द्यावा लागत असेल, तेही रात्री, एका ट्यूबलाइटखाली, तर आकडा चुकीचा वाचला जाणं किती सोपं आहे बघा. एक आकडा चुकला की पुढचे वीस नग बाद.

हे हवेतलं बोलणं नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळचं दिसण्यासाठीचा साधा चष्मा ज्यांना दिला, त्यांची पानं खुडण्याची उत्पादकता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पानं खुडणं हे काही मायक्रोमीटर वाचण्याइतकं बारीक काम नाही, तरी एवढा फरक. त्या मजुरांना कोणी मन लावून काम कर असं सांगितलं नव्हतं, फक्त दिसायला लागलं.

तर कंपनीत नेत्रतपासणीचा अर्धा दिवस ठेवा. चाळिशीवरच्या सगळ्यांची तपासणी होऊ दे, तुमचीसुद्धा, आणि तुमची सगळ्यात आधी, सगळ्यांदेखत. चष्मा निघाला तर तो डोळ्यांवर ठेवूनच लाइनवर फिरा. आणि त्या मशीनवर चांगला दिवा लावा, त्याला शेठची परवानगी लागू नये.

उचलीबद्दल थोडक्यात, कारण तो निर्णय तुमचा नाही. ओडिशात पत्रावळ्या लावणाऱ्या मजुरांवर एक प्रयोग झाला. काहींना त्यांच्या कमाईतला हिस्सा ठरलेल्या दिवसाआधी दिला. मजुरीचा दर तोच, एकूण पैसे तेवढेच, फक्त लवकर. पैसे हातात पडल्यावर त्यांचं काम सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, जे जास्त ओढगस्तीत होते त्यांचं आणखी जास्त, आणि चुकाही कमी झाल्या. डोक्यात उसनवारीचा हिशेब चालू असला की हातातल्या कामाला तेवढं डोकं कमी पडतं. त्याने मागितलेली उचल किती होती मला माहीत नाही, पण डेबिट नोटेच्या रकमेशेजारी तो आकडा लिहून शेठना दाखवा. आणि तो ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, असेल तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या उपचारांची सोयही त्यात असते. सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये जातो का, कार्डावर वडिलांचं नाव चढवलंय का, हे विचारायला काहीच हरकत नाही. कित्येकांनी ते चढवलेलंच नसतं.

इतकं सगळं त्याच्या बाजूने बोलले. आता दुसरी बाजू, कारण मला त्याला देव करायचा नाही.

कदाचित त्याला राग असेल. सहा वर्षांपूर्वी तुम्ही वर गेलात, त्यानंतर एकाच गाडीवर येणं बंद झालं असणार. पुढे पाच वर्षं त्याने उत्तम काम केलं, तेव्हा बढतीचा डंख हेच कारण असतं तर ते आधीच दिसलं असतं. पण न विचारता खराब मशीनवर टाकलं, वर त्या पोरासमोर झापलं, याचा राग मात्र ताजा असू शकतो. ज्याला आपल्या कामातलं काहीच ठरवता येत नाही तो हळूहळू सांगितलं तेवढंच करायला लागतो. हा आळस नव्हे, पण दिसतो तसाच. किंवा कदाचित दारू असेल, कदाचित दुसरीकडे पार्टटाइम चालू असेल. मी त्याला ओळखत नाही, तुम्ही ओळखता. निदान ओळखत होतात.

म्हणून त्याच्याशी बोला. केबिनमध्ये नको, लाइनवर तर नकोच, आणि शेठनी सांगितलंय म्हणून तर अजिबात नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी मिसळ खायला बोलवा, पूर्वी जात असाल तिथेच. सुरुवात घरापासून करू नका. ‘काय चाललंय तुझं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. मशीनपासून सुरू करा : ‘त्या मशीनवर नक्की काय अडतंय? तू माझ्या जागी असतास तर आधी काय बदललं असतंस?’ १७ वर्षं काम केलेल्या माणसाकडे याचं उत्तर असतं, फक्त त्याला कोणी विचारलेलं नसतं. तो मशीनबद्दल बोलेल आणि बोलता बोलता वडिलांवर येईल. आला तर ऐका, नाही आला तर खोदू नका. आणि त्याने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एक तरी त्याच आठवड्यात करून दाखवा, अगदी दिवा लावण्याइतकी छोटी का असेना. नुसतं ऐकून घेऊन काहीच केलं नाहीत, तर न विचारणं परवडलं.

शेठशी बोलताना मैत्रीचा म काढू नका, पैशाचं बोला. तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड गिरण्यांत २००८च्या सुमारास एक मोठा अभ्यास झाला, १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांत. त्यांतल्या काही कारखान्यांना सल्लागारांनी साध्या गोष्टी करायला लावल्या. यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल, रोजच्या दोषांची कारणांसकट नोंद, जमिनीवरचा पसारा आवरणं, गोदामातल्या मालाचा हिशेब. त्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. माणसं काढून नवी आणा, हा त्या सल्ल्याचा भाग नव्हता. शेठना सांगा, तीन आठवडे द्या, मी वही आणि अदलाबदलीचे आकडे घेऊन येतो. आणि विचारा, हा माणूस उद्या सिन्नरच्या किंवा गोंद्याच्या दुसऱ्या कारखान्यात गेला, तर त्या मशीनवर कोणाला उभं करायचं? तो आयटीआयचा मुलगा त्या रात्री एकटा सेटिंग करेल का?

तीन आठवड्यांनंतर मशीन ठीक, पाळी ठीक, डोळे ठीक, बोलणं झालं, आणि तरीही काम तसंच, असं निघालं तर लेटर द्या. तेव्हा ते द्यायला तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही, आणि मैत्रीसाठी इतरांवर अन्याय करायचंही नाही. त्याचे बाद नग दुसरं कोणीतरी ओव्हरटाइम करून भरून काढतंय, हेही लक्षात असू द्या. फक्त ‘कामात लक्ष नाही’ हे वाक्य लिहू नका, कारण ते सिद्धही करता येत नाही आणि सुधारताही येत नाही. अमुक मशीनवर, अमुक तारखांना, अमुक कारणाने इतके नग बाद झाले. अमुक तारखेपर्यंत ते इतक्यावर यायला हवेत. त्यासाठी कंपनीने हे हे केलंय. त्याचं म्हणणं लेखी घ्या आणि जोडा. असं लेटर पुढे कुठल्याही चौकशीत उभं राहतं, मोघम लेटर देणाऱ्यावरच उलटतं. शेठना मैत्री पटली नाही तरी हे नक्की पटेल.

महिनाअखेर जवळ आहे, तेव्हा क्रम सांगते. आधी शेठकडून मुदत, मग वही, मग मिसळ. डोळ्यांची तपासणी या आठवड्यातच ठरवून टाका. आणि त्याची पुढची रात्रपाळी लागेल तेव्हा एका पहाटे तीनला तुम्ही स्वतः त्या मशीनपाशी जा आणि पाच वाजेपर्यंत नुसतं बघा : तो किती वेळा थांबतो, कशासाठी थांबतो, इन्सर्टसाठी स्टोअरची चावी कोणाकडे असते. येणार असल्याचं त्याला आणि लाइनला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर सगळ्यांना वाटेल तुम्ही झोपलेल्यांना पकडायला आलात, आणि त्या रात्री जे दिसेल ते काही कामाचं नसेल.